वाहत्या धमनीची डागडुजी

नागपुराहून अमरावतीस जाणारा हमरस्ता कारंजा (घाडगे) मागें टाकून तिवशाकडे निघाला, कीं वाटेंत तळेगाव (श्यामजी पंत) हें गांव लागतें. तळेगाव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत पुष्कळ असल्यामुळें याच्या नांवापुढें कंसांत श्यामजी पंत हें नांव जोडून त्याची ओळख वेगळी राखलेली आहे. गांव वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतलें. दक्षिणेस आर्वी, उत्तरेस १९४२ च्या ऑगस्टांतील उठावानें प्रसिद्धीस आलेलें आष्टी, आणि मधून हा पूर्वपश्चिम रस्ता. पूर्वीं याला सहाव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. २०१० सालीं क्रमांकांची फेरमांडणी झाली तेव्हांपासून तो ५३ वा झाला. मालमोटारींची रांग यावरून रात्रंदिवस चाललेली असते.

अशा रस्त्याला ‘देशाची धमनी’ म्हणण्याची आतां रीतच पडून गेली आहे. ही उपमा उलटी फिरवून पाहिली तर ती अधिक उद्बोधक ठरते. रस्त्याचा भराव एखाद्या ठिकाणीं खचला, तर त्यावर दोनच उपाय संभवतात. एक, दोन्ही बाजूंस अडसर घालून वाहतूक अजिबात बंद करणें. दुसरा, वाहतूक चालूं ठेवून खचलेला भाग आंतल्या आंत सांधून घेणें. पहिला उपाय सोपा व निर्धोक दिसतो खरा. परंतु ज्या गांवाला दुसरी वाटच नाहीं, त्याची त्यायोगें उपासमार होते. मनुष्याच्या शरीरांतील धमनी फुटली असतां वैद्यापुढें नेमका हाच पेंच पडत आला आहे. वाहणारें रक्त थांबवावें, तर त्या रक्तावर जगणारा अवयव मरतो; अवयव जगवावा, तर रोगी हातचा जातो. हा पेंच सोडविण्यास मानवजातीस किती शतकें लागलीं, आणि तो सुटल्यावरही काय उरलें, याचा वृत्तांत यकृताच्या धमनीच्या निमित्तानें वाचकांपुढें ठेवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यकृताची धमनीच निवडण्याचें कारण असें कीं, या अवयवाची रक्तव्यवस्था इतरांहून निराळी आहे. बहुतेक अवयवांना एका वाटेनें रक्त येतें. यकृताला दोन वाटांनीं येतें. आंतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी मोठी शीर, जिला प्रतिहारिणी शीर असें नांव आहे, ती यकृतास मिळणाऱ्या रक्ताचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पुरविते. उरलेला चतुर्थांश यकृताच्या धमनीवाटे येतो. भाग लहान खरा, पण तो ताज्या प्राणवायूनें भरलेला असल्यामुळें यकृताच्या गरजेचा जवळजवळ निम्मा प्राणवायु त्यांतून मिळतो. शिवाय यकृतांतून पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचें पोषण तर केवळ धमनीच्याच रक्तावर होतें. ही धमनी जाडीनें पांच-सहा मिलिमीटरांची, म्हणजे साध्या पेन्सिलीहूनही बारीक. परंतु ती हृदयापासून निघालेल्या महाधमनीच्या पोटांतील पहिल्याच मोठ्या फांट्यांपैकीं एकावरून फुटलेली असल्यामुळें तिच्यांतील रक्ताचा दाब मोठा असतो. मोठ्या माणसाच्या अंगांत रक्त अवघें पांच लिटरांच्या आसपास. त्यांतील तिसरा हिस्सा झपाट्यानें गेला, तरी जीव धोक्यांत येतो. या धमनीला पडलेलें लहानसें छिद्रदेखील किती भयंकर, हें यावरून ध्यानांत येईल.

रक्त थांबविण्याच्या विद्येचा आरंभ आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत रक्तस्राव रोखण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्यांनीं जखमेच्या कडा जुळवून आणणें हें संधान. थंडाव्यानें रक्त गोठविणें हें स्कंदन. भस्मानें व्रण सुकविणें हें पाचन. आणि बाकीचे उपाय थकल्यावर डाग देऊन शिरा आंकुंचित करणें हें दहन. यांतली पायरीपायरीची योजना पाहण्याजोगी आहे. सौम्य उपाय आधीं, दाहक उपाय शेवटीं, हा क्रम आजच्या शस्त्रवैद्यासही मान्य होईल. आयुर्वेदानें यकृत व प्लीहा यांस रक्तवाहिन्यांचें मूळ मानलें होतें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. परंतु हे चारही उपाय डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या जखमेचे. पोटाच्या आंत, यकृताच्या पाठीशीं फुटलेल्या धमनीपर्यंत तुरट काढाही पोंचत नाहीं आणि तापलेली सळईही पोंचत नाहीं.

युरोपांतही अनेक शतकें डाग देण्यावरच भर होता. १५५२ सालीं आंब्रवाज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें दांव्हिये येथील वेढ्यांत जायबंदी सैनिकांचे पाय कापतांना तापल्या लोखंडाऐवजीं धमन्या दोऱ्यानें बांधण्याची रीत अवलंबिली. धमनी बांधण्याची कल्पना त्याच्या पूर्वींही अवगत होती. पण अवयव कापतांना तिचा अवलंब करून दहनाच्या यातनांतून सैनिकांची सुटका केली ती पारेनें. पाय कापावयाचाच असेल तर त्याची धमनी बांधण्यांत नुकसान कांहींच नाहीं. जो अवयव राहणार नाहीं, त्याला रक्त तरी कशास हवें! ही रीत पुढें शस्त्रक्रियेचा पाया बनली. पण त्याच पायांत एक उणीव दडून बसली होती. धमनी म्हणजे बंद करावयाची नळी, अशी शस्त्रवैद्यांची नजर तयार झाली. धमनी म्हणजे चालूं ठेवावयाची वाट, ही दृष्टि यावयास आणखी साडेतीनशें वर्षें लागलीं.

दरम्यान यकृतांतील रक्तस्रावाची ओळख हळूहळू पटूं लागली. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यानंतर २६ वर्षांनीं, १६५४ सालीं, फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्यानें यकृताच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्यांत द्वंद्वयुद्धांत तलवारीनें पोटाच्या उजव्या भागीं जखमी झालेल्या एका सरदाराची हकीगत आहे. यकृतांतून निघालेलें रक्त पित्ताच्या वाटेनें आंतड्यांत उतरत राहिलें आणि त्यांतच तो गेला. पुढें १८७१ सालीं हाइन्रिख क्विंके या जर्मन वैद्यानें या विकाराचीं तीन लक्षणें एकत्र मांडून दाखविलीं: पोटाच्या वरच्या भागांत कळ, अंगावर कावीळ, आणि रक्ताची ओकारी किंवा काळा शौच. हीं तिन्ही लक्षणें प्रत्येक रोग्यांत एकदम दिसतातच असें नाहीं. तरी क्विंकेचें नांव त्यांना अद्याप चिकटून आहे. रोग ओळखतां आला. पण ओळखून करावयाचें काय, याचें उत्तर त्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

तें उत्तर शोधण्याची प्रेरणा एका राजकीय खुनानें मिळाली. २४ जून १८९४ रोजीं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो हे लियों शहरांत एका समारंभाहून निघाले असतां एका अराजकवाद्यानें त्यांच्या पोटांत सुरा खुपसला. सुरा यकृतांतून प्रतिहारिणी शिरेपर्यंत गेला होता. राष्ट्राचा प्रमुख; शहरांतले नामांकित शस्त्रवैद्य उशाशीं; आणि तरीही मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें त्यांचा अंत झाला. मोठी रक्तवाहिनी शिवून पुन्हां वाहती करतां येईल, असें त्या वेळच्या शस्त्रवैद्यांस वाटतच नव्हतें. त्याच शहरांत आलेक्सी कारेल हा २० वर्षांचा तरुण वैद्यक शिकत होता. शिवणाऱ्या बाईला जें कापडावर साधतें, तें वैद्याला रक्तवाहिनीवर कां साधूं नये, असा प्रश्न त्यानें केला, आणि भरतकामांत निष्णात असलेल्या लियोंमधील एका बाईंकडून बारीक सुईदोऱ्याचें कसब तो शिकला. १९०२ सालीं त्यानें दोन रक्तवाहिन्यांचीं टोकें तीन टांक्यांनीं ताणून धरून एकमेकांस शिवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९१२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. ‘बंद करा’ या आज्ञेऐवजीं ‘सांधा’ ही आज्ञा शस्त्रक्रियेंत प्रथम उमटली, ती येथें.

तथापि यकृताच्या धमनीपुरता विचार करतां ही आज्ञा बराच काळ कागदावरच राहिली. १९०३ सालीं हान्स केर या जर्मन शस्त्रवैद्यानें यकृताच्या धमनीवर आलेला फुगवटा धमनी बांधून यशस्वी रीतीनें नाहींसा केला, आणि प्रतिहारिणी शीर शाबूत असेल तर धमनी बांधूनही यकृत कधीं कधीं जगतें, हें सिद्ध झालें. १९०८ सालीं ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यानें यकृताकडे जाणारा सगळा जुडगा बोटांच्या चिमटींत दाबून धरण्याची युक्ति सांगितली. फुटलेल्या यकृतावर शस्त्रक्रिया करतांना ती आजही कामास येते. पण चिमूट ही घटकाभराची. ती सोडल्यावर पुढें काय, हा प्रश्न तसाच. धमनी बांधावी, तर पित्तनळ्या सुकतात, यकृतांत गळवें होतात, आणि प्रतिहारिणी शिरेंत आधींच कांहीं दोष असेल, तर सबंध यकृतच निकामी होण्याची भीति. शिवाय ही धमनी सर्वांच्या पोटांत एकाच रीतीनें मांडलेली नसते. निकोलस मिशेल्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें २०० मृत देहांची तपासणी करून दाखविलें कीं, पुस्तकांत काढतात तशी सरळ मांडणी निम्म्यांहून थोड्याच अधिक देहांत सांपडते; बाकीच्यांत फांटे भलत्याच ठिकाणाहून निघतात. रक्ताच्या डबक्यांत हात घालून अशी बेभरंवशाची धमनी शोधणें म्हणजे पुराच्या पाण्यांत पायवाट शोधण्यासारखें होतें.

म्हणून खरी क्रांति झाली ती पोटाच्या बाहेरून नव्हे, तर धमनीच्या आंतून. राँटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले. पुढच्याच वर्षाच्या आरंभीं व्हिएन्ना येथें एका मृत हाताच्या धमन्यांत खडूमिश्रित द्रव भरून त्यांचें चित्र घेण्यांत आलें. १९२७ सालीं पोर्तुगालच्या एगाश मोनिश यानें जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचें आणि १९२९ सालीं त्याचाच देशबंधु रेनाल्डु दुश सांतुश यानें महाधमनीचें क्ष-किरणचित्र घेतलें. १९५३ सालीं स्टॉकहोमचे स्वेन सेल्डिंगर यांनीं एक अगदीं साधी युक्ति सुचविली. धमनींत पोकळ सुई टोंचावी, सुईंतून लवचीक तार आंत सरकवावी, सुई काढून घ्यावी, आणि त्या तारेवरून नळी ओंवावी. सुईच्या छिद्रावाटे शरीरांतील कोणत्याही धमनीच्या दारापर्यंत जाण्याचा राजमार्ग या युक्तीनें खुला झाला. मांडीच्या मुळाशीं शिरलेली नळी महाधमनींतून वर नेऊन यकृताच्या फांट्यांत घालतां येते, हें त्या काळच्या वैद्यांस प्रथम कौतुकाचें वाटलें. पुढें तें नित्याचें झालें.

पण नळी घालणें एक, आणि नळींतून काम करणें दुसरें. १६ जानेवारी १९६४ रोजीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटर यांनीं ८२ वर्षांच्या एका वृद्ध स्त्रीच्या पायाची अरुंद झालेली धमनी नळ्यांनींच आंतून रुंद केली. पाय कापून टाकण्यास त्या बाईंनीं साफ नकार दिला होता. त्या पुढें स्वतःच्याच पायांवर चालत राहिल्या. डॉटर हे शस्त्रवैद्य नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञ होते. ज्या खोलींत तोंवर केवळ चित्रें निघत, त्या खोलींत उपचारही होऊं शकतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. त्याच सुमारास स्टॅन्ली बाउम व मोरेय नुसबाउम यांनीं पोटांतील रक्तस्रावाची नेमकी जागा धमनींत रंगद्रव सोडून दाखवितां येते असें सिद्ध केलें. आणि १९७२ सालीं डॉटर व त्यांचे सहकारी योसेफ रोश यांनीं रोग्याच्याच रक्ताची गुठळी नळीवाटे धमनींत सोडून जठराजवळचा रक्तस्राव बंद केला. १९७५ सालीं चेझारे जांतुर्को यांनीं धातूच्या तारेचीं वेटोळीं पुढें आणलीं, आणि १९७६ सालीं यकृताचा तुकडा तपासणीसाठीं काढल्यावर सुरू झालेला जोराचा स्राव अशाच रीतीनें धमनीचें तोंड बुजवून थांबविल्याची हकीगत प्रसिद्ध झाली. पोट न चिरतां यकृताच्या धमनीचें रक्त थांबविणें साध्य झालें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट बारकाईनें पाहावी. हा विजय मोठा होता. पण तत्त्वतः तो पारेचाच दोरा होता, आंतल्या बाजूनें बांधलेला. वेटोळीं घातलीं कीं ती वाट बंद झाली. इतकेंच नव्हे, यकृताला आडवाटांनीं रक्त मिळत असल्यामुळें फुटलेल्या जागेच्या अलीकडे बूच मारलें, तरी पलीकडून उलट्या दिशेनें रक्त येऊन स्राव चालूंच राहतो. म्हणून पुढचें दार आणि मागचें दार दोन्ही बुजवावीं लागतात. यकृताच्या खोल भागांतील एखाद्या बारीक फांद्याबाबत त्यानें फारसें बिघडत नाहीं. पण मुख्य धमनीच फुटली असेल, तर तिचीं दोन्ही दारें बंद करणें म्हणजे यकृताच्या अर्ध्या प्राणवायूवर पाणी सोडणें.

आतां लागत होती ती अशी वस्तु, जी फुटलेल्या भागाला आंतून अस्तर लावील आणि अस्तराच्या मधून रक्ताला वाट देईल. तिच्या इतिहासांत शिवणकलेचा धागा पुन्हां येतो. न्यूयॉर्कमध्यें आर्थर व्हूरीज या तरुण डॉक्टरास एका कुत्र्याच्या हृदयांत राहून गेलेल्या रेशमी टांक्यावर कांहीं महिन्यांनीं चकचकीत पातळ पापुद्रा चढलेला आढळला. धागा जर शरीर असा आपलासा करून घेतें, तर धाग्याचें कापड कां नाहीं, या विचारानें त्यानें कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या नळ्या शिवल्या, आणि १९५२ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर लौकरच ह्यूस्टनचे मायकेल डबेकी यांनीं दुकानांतून डेक्रॉनचें कापड आणून घरच्या शिवणयंत्रावर धमनीचीं ठिगळें व नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणीं आईनें शिकविली होती. कापडाची नळी अशी मिळाली. धातूच्या आधारजाळीचा प्रारंभ डॉटर यांनींच १९६९ सालीं कुत्र्यांच्या पायांच्या धमन्यांत तारेचीं वेटोळीं बसवून केला होता, आणि १९८० नंतर हुलिओ पाल्माझ या अर्जेंटिनांत जन्मलेल्या तज्ज्ञानें फुग्यानें फुलविण्याची जाळी सिद्ध केली. अशा जाळीला स्टेंट म्हणतात. हें नांव चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज दंतवैद्याच्या आडनांवावरून आलें, असें बहुतेकांचें मत आहे. दांतांचे ठसे घेण्याच्या त्याच्या लुकणाचें नांव फिरत फिरत धमनीच्या आधारजाळीला लागावें, ही शब्दांच्या नशिबाची गंमत आहे.

जाळी आणि कापड एकत्र आलीं कीं स्टेंट-ग्राफ्ट झालें. हा संयोग माणसाच्या देहांत प्रथम घडविण्याचा मान युक्रेनमधील खारकिव्हचे शस्त्रवैद्य निकोलाय व्होलोदोस यांस जातो. १९८७ सालीं त्यांनीं छातींतील महाधमनीला दुखापतीनंतर आलेला फुगवटा अशा अस्तरानें आंतून झांकला. त्यांचे लेख रशियन भाषेंत असल्यामुळें पश्चिमेकडील पुष्कळांना त्यांची वार्ता वर्षानुवर्षें लागली नाहीं. ७ सप्टेंबर १९९० रोजीं ब्वेनोस आयरेस येथें हुआन परोडी यांनीं पोटांतील महाधमनीच्या फुगवट्यावर हीच क्रिया केली, तेव्हां ती जगभर गाजली. महाधमनीसाठीं बनलेलें हें साधन पुढें इतकें बारीक व लवचीक होत गेलें कीं, तें पेन्सिलीहून बारीक अशा यकृताच्या धमनींतही बसूं लागलें.

आतां प्रत्यक्ष प्रसंग कसा ओढवतो तें पाहूं. यकृताची धमनी फुटण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें कारण रस्त्यावरचा अपघात: मोटारीचें चाक किंवा दुचाकीची मूठ पोटांत बसली, कीं यकृत चेपतें, त्यांतली धमनी चिरते, आणि कधीं कधीं लगेच नव्हे, तर आठ-पंधरा दिवसांनीं फुटते. दुसरें कारण पित्ताशयावरील अथवा यकृतावरील उपचार. १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतांत प्रथम केली. तेव्हांपासून ती तालुक्यांपर्यंत पोंचली आणि असंख्य रोग्यांचे हाल वांचले. क्वचित् एखाद्या रोग्याच्या बाबतींत मात्र जवळून जाणाऱ्या धमनीच्या भिंतीस इजा होते, आणि हें कोणत्याही देशांतल्या कुशल हातांकडून घडूं शकतें. तिसरें कारण स्वादुपिंडाच्या डोक्याची मोठी शस्त्रक्रिया, जिला अॅलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं प्रसिद्धि दिली. तींत यकृताच्या धमनीचा एक फांटा मुळाशीं कापून बांधावा लागतो. पुढें सांध्यांतून स्वादुपिंडाचा रस पाझरला, तर अन्न पचविणारा तो रस धमनीची भिंतही पचवूं लागतो. भिंत झिजली कीं रक्त बाहेर येऊन भोंवतालच्या मांसांत एक पोकळी करतें. तिला स्वतःची भिंत नसते. म्हणून तिला खोटा फुगवटा म्हणतात. तो केव्हां फुटेल याचा नेम नाहीं.

पण तो पुष्कळदां इशारा देऊन फुटतो, आणि घरच्या माणसांनीं लक्षांत ठेवावी अशी गोष्ट हीच. मोठ्या रक्तस्रावापूर्वीं कांहीं तास किंवा एखादा दिवस आधीं थोडेंसें रक्त येतें: पोटांत ठेवलेल्या नळींतून, ओकारींतून, किंवा काळ्या शौचाच्या रूपानें. थोड्या वेळानें तें आपोआप थांबतें, आणि सगळ्यांना हायसें वाटतें. पहारेकऱ्यानें दिलेली हांक जशी, तसें हें रक्त होय; तें थांबलें म्हणजे धोका टळला असें नव्हे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पोटावरील आघातानंतर कांहीं दिवसांनींदेखील असें रक्त दिसलें, तर सकाळपर्यंत वाट पाहूं नये, रुग्णालय गांठावें.

तेथें रक्त चढवून रोग्यास सांवरलें जातें, आणि स्थिति परवानगी देईल तर धमन्यांचें संगणकीय क्ष-किरणचित्र घेऊन फुटलेली जागा हेरतात. मग मांडीच्या किंवा दंडाच्या धमनींतून नळी यकृताच्या धमनीपर्यंत नेतात. रंगद्रव सोडतांच पडद्यावर जखम दिसते: सरळ रेघेच्या कडेला शाईचा डाग पसरावा तशी. तो डाग ओलांडून एक अतिबारीक तार पलीकडच्या निरोगी धमनींत सरकवावयाची, ही सगळ्यांत नाजूक पायरी. तार पार झाली, कीं तिच्यावरून घडी केलेलें स्टेंट-ग्राफ्ट नेऊन जखमेच्या दोन्ही बाजूंस निरोगी भिंतीचा आधार मिळेल असें उघडतात. पुन्हां रंगद्रव सोडला कीं डाग नाहींसा झालेला असतो आणि रेघ यकृतापर्यंत अखंड गेलेली दिसते. रक्त थांबलें, आणि रक्त चालूंही राहिलें. पारेपासून चालत आलेला पेंच येथें सुटला.

परंतु हें सर्व ठिकाणीं साधतें असें समजणें भाबडेपणाचें होईल. धमनी फार वांकडीतिकडी असेल, फार बारीक असेल, किंवा फाटून तिचीं दोन टोकें दूर गेलीं असतील, तर तार पार होत नाहीं. मग वेटोळीं घालून वाट बुजवावी लागते, अथवा पोट उघडावें लागतें. जंतूंनीं दूषित जागीं कापडाचें अस्तर बसविणें धोक्याचें असतें. बसविलेल्या अस्तरांत गुठळी होऊन तें पुढें बंद पडूं शकतें. गुठळी टाळण्याचें औषध द्यावें, तर नुकत्याच थांबलेल्या रक्ताची भीति. आणि मूळचा पाझर तसाच राहिला असेल, तर त्याचा बंदोबस्त निराळा करावाच लागतो. तथापि यकृताची मुख्य धमनी फुटलेली असतां, पोट न उघडतां रक्त थांबविणारा आणि धमनीची वाटही चालूं ठेवणारा असा हा महत्त्वाचा उपाय आहे.

येथवर आलेला वाचक विचारील, तळेगावाचा याच्याशीं संबंध काय? संबंध अंतराचा आहे. तळेगावाहून अमरावती पन्नास किलोमीटरांच्या आसपास, वर्धा सत्तरांच्या घरांत, आणि नागपूर शंभरांहून अधिक. ज्या उपचाराची ही कथा सांगितली, त्याला नुसती जाळी पुरत नाहीं. क्ष-किरणांचें विशेष दालन, रात्रीं-अपरात्रीं हजर होणारा कुशल हात, भरलेली रक्तपेढी, अतिदक्षता कक्ष आणि वेळ पडल्यास पोट उघडणारा शस्त्रवैद्य, हीं सगळीं एका छपराखालीं लागतात. आणि असें छप्पर स्वभावतःच मोठ्या शहरांत उभें राहतें. वर्धा जिल्ह्याला मात्र खेड्याच्या आरोग्याचा विचार नवा नाहीं. १९४४ सालीं कस्तुरबांचें निधन झालें. त्यांच्या नांवानें सेवाग्रामास रुग्णालय उभें राहिलें, आणि १९६९ सालीं, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, तेथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. वैद्यकाचें शिक्षण शहराच्या वेशीबाहेर, खेड्याच्या मातींत रुजवावें, हा तिच्यामागील विचार होता. १९९० सालीं वर्ध्याजवळच सावंगी येथेंही वैद्यकीय महाविद्यालय निघालें. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर हांक दिल्यास येणारी रुग्णवाहिका महाराष्ट्रभर सुरू झाली. कार्नो यांच्या काळीं राष्ट्राध्यक्षालाही जें मिळूं शकलें नाहीं, तें आज महामार्गावरच्या जखमी मजुराला मिळणें अशक्य नाहीं. अशक्य नाहीं, इतकेंच.

कारण धमनीच्या जखमेला किलोमीटर कळत नाहींत. तिला मिनिटें कळतात. अपघात झाल्यावर पहिली हांक कोणी दिली, पहिल्या रुग्णालयांत पोटांतील रक्तस्रावाची शंका कोणाला आली, आणि ‘येथें हें होणार नाहीं, पुढें न्या’ असें तेथल्या डॉक्टरानें किती लौकर, रक्ताची बाटली लावून आणि पुढच्या ठिकाणीं आगाऊ कळवून सांगितलें, यांवर व्होलोदोसच्या जाळीचा उपयोग व्हावयाचा कीं नाहीं, हें ठरतें. शास्त्राच्या इतिहासांत आपण शोधकांचीं नांवें लिहितों, आणि तें योग्यच आहे. पण तो इतिहास पुरा होतो तो शोध रोग्याच्या उशाशीं वेळेवर पोंचतो तेव्हां. हें शेवटचें पान लिहिणारे निनांवी असतात: रुग्णवाहिकेचा चालक, तालुक्याचा डॉक्टर, मध्यरात्रीं रक्त द्यावयास उठलेला शेजारी.

तळेगावाच्या चौकांत रात्रीं उभें राहिलें, तर मालमोटारींचे दिवे एकामागून एक पुढें सरकतांना दिसतात. त्या रांगेंतून एखादी रुग्णवाहिका भोंगा वाजवीत येते, आणि मोठमोठ्या गाड्या बाजूला होऊन तिला वाट करून देतात. ती वाट मोकळी ठेवणें हाही या उपचाराचाच भाग आहे.